डबा शोधायला निघताना

जिओकॅशिंगच्या सामानाबद्दल बोलायचं म्हटलं की बहुतेक जण जीपीएस यंत्रापासून सुरुवात करतात. वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडला राहणारी माझी वहिनी चिमट्यापासून करते. तिचं म्हणणं असं, की उपग्रह तुम्हाला डबीपर्यंत आणून सोडतील, पण आतला कागद बाहेर कोण काढणार? या खेळातल्या सगळ्यात लहान डबीला नॅनो म्हणतात. जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाची, तळाला चुंबक आणि वर आट्यांचं झाकण असलेली धातूची डबी. रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याला मागच्या अंगाने चिकटवलेली असली, तर ती तिथल्या बोल्टचाच भाग वाटते. आत काही मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून ठेवलेली असते. थंडीने बोटं आखडलेली असतात, दमटपणाने कागद डबीच्या भिंतीला धरून बसलेला असतो. नखाने ओढायला गेलं की तुकडा हातात येतो. बोथट टोकाचा चिमटा असला तर पट्टी अलगद निघते. टोकदार चिमट्याने ती फाटते. सही झाल्यावर पट्टी पुन्हा तेवढीच घट्ट गुंडाळावी लागते. त्यासाठी वहिनीच्या पाऊचमध्ये टूथपिकचे अर्धे तुकडे असतात. तुकड्याभोवती पट्टी गुंडाळायची, डबीत सरकवायची आणि तुकडा हळूच उपसून घ्यायचा. हे तिने मला स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी दाखवलं, मग मला करायला लावलं, आणि नीट जमेपर्यंत उठू दिलं नाही.

खेळ तसा साधा आहे. कुणीतरी डबा लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतं. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि डबा होता तसा, होता तिथे ठेवायचा. डबा मोठा असेल तर त्यात छोट्या वस्तू असतात. एक घेतली तर त्याच तोलाची किंवा सरस वस्तू मागे ठेवायची. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत.

या सगळ्याची सुरुवात एका बादलीपासून झाली. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी जाहीर केलं, की जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक त्याच मध्यरात्रीपासून काढून टाकली जाईल. तोवर सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. ही चूक एका रात्रीत दहा-वीस मीटरच्या आत आली. ३ मेला डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटात कळवले. बादलीत वही-पेन्सिल होती, शिवाय पुस्तकं, चित्रफिती, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक बेचकी आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक हवाबंद डबा. माइक टीग यांनी ती काही दिवसांतच शोधून काढली. त्याच मे महिन्याच्या अखेरीला मॅट स्टम यांनी खेळाला जिओकॅशिंग हे नाव सुचवलं आणि २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी त्याचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा जगात एकंदर पंच्याहत्तर डबे होते. आजच्या नियमांत ती बादली बसली नसती. डबा जमिनीत पुरायला मनाई आहे आणि खाण्याचे पदार्थ ठेवायलाही, कारण वासाने जनावरं येतात आणि डबा फोडतात.

रेडमंडहून सिअ‍ॅटल जवळ आहे. त्या संकेतस्थळाचं मुख्यालय सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागात आहे. आसपासच्या डोंगरांत आणि रानांत डब्यांची दाटी आहे, आणि त्यांच्या मागे जाणाऱ्यांत मराठी घरंही आहेत. मी तिथे राहायला होते तेव्हा वहिनीबरोबर हिंडले, तिच्या ओळखीतल्या लोकांशी बोलले आणि त्यांच्या पिशव्या उपसून पाहिल्या. पिशवी दाखवा म्हटलं की माणसं मोकळी होतात. कुठलं सामान का घेतलं, कुठलं काढून टाकलं, हे सांगताना प्रत्येकाच्या तोंडून एकेका डब्याची गोष्ट बाहेर पडते.

सामान ठरवायची जागा दुकान नाही, डब्याचं पान आहे, हे मला सगळ्यांनीच सांगितलं. प्रत्येक डब्याच्या पानावर दोन श्रेणी असतात, एक शोधण्याच्या अवघडपणाची आणि दुसरी वाटेच्या अवघडपणाची. दोन्ही एकपासून पाचपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. वाटेची श्रेणी एक असेल तर चाकाच्या खुर्चीतूनही जाता येतं. पाच असेल तर नाव, दोर, पाणबुड्याचा पोशाख असं काहीतरी खास लागणार. त्याखाली लहान चिन्हांची रांग असते: टॉर्च लागेल, अतिनील दिवा लागेल, खास हत्यार लागेल, काटे आहेत, गोचिडं आहेत, बर्फातही सापडेल. डब्याचं आकारमानही दिलेलं असतं. लहान डबीकडे जाताना अदलाबदलीच्या वस्तू वाहून नेण्यात अर्थ नसतो. मग आधीच्या लोकांच्या नोंदी. शेवटच्या चार-पाच जणांनी ‘वही भिजली आहे’ असं लिहिलं असेल तर कोरडा कागद पिशवीत गेलाच पाहिजे. एखादी सूचना सांकेतिक लिपीत असते, इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून. अ‍ॅप ती एका बोटात उलगडून देतं; माझा भाचा मात्र अजून कागदावर सोडवतो आणि त्याच्या पाऊचमध्ये अक्षरांचा तक्ता असतो.

वहिनी आदल्या रात्री ही पानं वाचते आणि हाताने एक चिठ्ठी करते: डब्याचं नाव, दोन श्रेणी, आकार आणि शेवटी ‘काय न्यायचं’. ती चिठ्ठी आणि डब्यांची माहिती मोबाइलमध्ये उतरवून घेतली, की जंगलात रेंज गेली तरी अडत नाही. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, उपग्रहांचे संकेत फोन थेट पकडतो. नकाशा मात्र आधी उतरवलेला हवा, नाहीतर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसतो.

आता यंत्र. नव्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो, की वेगळं यंत्र घ्यावं की फोन पुरे? उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो आणि हातातलं यंत्रही त्याच्या फार पुढे नसतं. फरक दुसरीकडे आहे. गार्मिनच्या ईट्रेक्ससारखं यंत्र दोन पेन्सिल सेलवर वीस तासांच्या आसपास चालतं, पावसात भिजतं, दगडावर पडतं, आणि हातमोजे घालूनही त्याची बटणं दाबता येतात. फोनचा पडदा ओल्या बोटांना दाद देत नाही आणि थंडीत त्याची बॅटरी झरझर उतरते. शिवाय फोन हे वाट चुकल्यावर मदत मागायचं साधनही आहे, ते डबा शोधण्यात संपवून टाकणं धोक्याचं. माझं मत असं, की शहरात आणि मळलेल्या वाटांवर फोन आणि एक पॉवर बँक पुरते. दिवसभराच्या रानवाटेसाठी यंत्र घ्यावं, तेही सेल बदलता येणारं. आतच बॅटरी बसवलेलं यंत्र मुक्कामी रानात संपलं, तर पुन्हा चार्ज होईपर्यंत ते निव्वळ ओझं.

यंत्राच्या किमतीपेक्षा ते वापरण्याची समज जास्त कामाला येते. या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. उल्मर यांच्या बादलीचा अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटं उत्तर. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये तीच जागा ४५.२९१० अंश अशी दिसते. कुणी मिनिटांचे आकडे तसेच उचलून ४५.१७४६ अंश म्हणून टाकले, तर तो बादलीपासून जवळजवळ तेरा किलोमीटर दूर जाऊन उभा राहील. म्हणून यंत्राची लिहिण्याची पद्धत घरीच तपासायची. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण अंतरात सुमारे १.८५ मीटर होतो. पूर्व-पश्चिम अंतर अक्षांशागणिक बदलतं. शेवटचा आकडा एकाने हलला तर पुण्यात आपण पावणेदोन मीटर सरकतो, सिअ‍ॅटलला सव्वा मीटर. लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक आणि आपल्या यंत्राची चूक एकत्र आली तर दहा मीटरचा गोल सहज तयार होतो. उंच डग्लस फर वृक्षांच्या दाटीत किंवा कड्याच्या पोटात संकेत आपटून वळतात आणि सुई भोवळ आल्यासारखी फिरत राहते. वहिनी पाच-सहा मीटर उरले की यंत्र खिशात घालते आणि नुसतं बघत उभी राहते. कुठल्या बुंध्याशी सालीचे तुकडे जरा जास्तच नीट रचलेत, कुठल्या दगडाखालची माती वेगळी दिसते, कुठल्या खांबाला एक स्क्रू जास्त आहे. तेवढ्यापुरतं पिशवीतलं काहीच लागत नाही.

तिची पिशवी भरण्याची पद्धत मी नीट पाहिली. सामान वस्तूंच्या जातीप्रमाणे न लावता कुठल्या क्षणी लागणार त्याप्रमाणे लावलेलं असतं. कमरेच्या पाऊचमध्ये शोधण्याच्या आणि सही करण्याच्या गोष्टी: पेन, पेन्सिल, चिमटा, टूथपिक, दंतवैद्य वापरतात तसा लांब दांड्याचा छोटा आरसा, खिशातल्या अँटेनासारखी लांबणारी चुंबकाची काडी, तारेचा आकडा, छोटा टॉर्च. आरसा बाकाखाली, कठड्यामागे, ढोलीच्या आत डोकावण्यासाठी. जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, आधी आरसा. पेन दोन असतात आणि पेन्सिल एक, कारण ओल्या कागदावर आणि कडक थंडीत साधं बॉलपेन उमटत नाही, पेन्सिल मात्र चालते. या पाऊचची चेन उजव्या हाताने उघडते आणि आत प्रत्येक वस्तूला इलॅस्टिकची एकेक जागा शिवलेली आहे. एक जागा रिकामी दिसली की वस्तू अजून दगडावर पडली आहे हे निघायच्या आधीच कळतं. झाडाखाली चिमटे विसरणारी माणसं खूप; त्यावर हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरा पाऊच लाल रंगाचा, पाठपिशवीत सगळ्यात वर. त्यात स्वतःसाठी एकही वस्तू नाही. वेगवेगळ्या मापांच्या कोऱ्या नोंदपट्ट्या, छोट्या वह्या, झिपलॉक पिशव्या, जुन्या सुती कापडाचे तुकडे, गुंडाळलेली थोडी डक्ट टेप, जास्तीच्या पेन्सिली आणि एका डबीत रबराच्या बारीक ओ-रिंग. झाकणाला आटे असलेल्या नळीसारख्या डब्यांत ही रबरी कडी असते, ती कोरडी पडून चिरली की पाणी आत शिरतं. पट्ट्यांसाठी वहिनी न भिजणारा कागद वापरते. साध्या कागदाची पट्टी तिकडच्या एका हिवाळ्यात लगदा होते. भिजलेला डबा सापडला की वहिनी आधी तो पुसते, झाकणाच्या खाचेतली माती काढते, नवी पट्टी घालते, जुनी पट्टी वाचण्यासारखी असेल तर पिशवीत घालून आतच ठेवते, आणि घरी आल्यावर मालकाला कळवते. डबा जाग्यावर नसेल तर मात्र ती दुसरा ठेवून येत नाही. आपल्याला सापडला नाही म्हणजे तो नाहीच असं धरून नवा टाकला, तर एका जागी दोन डबे होतात आणि मालकाच्या मेहनतीवर पाणी पडतं. अशा वेळी ‘सापडला नाही’ एवढीच नोंद करायची.

हा लाल पाऊच मला सगळ्या सामानाचा कणा वाटतो. महागडं यंत्र घेणारा माणूस आपली सोय बघतो आणि त्यात वावगं काही नाही. पण जो खेळ अनोळखी माणसाने रानात ठेवलेल्या डब्यावर चालतो, तो डबा कोरडा ठेवायची जबाबदारी एकट्या मालकाची कशी असेल? मालक वर्षातून दोनदा येणार, आपण आज आलोय. कोरडा कागद आणि फडकं घेऊन जाणारी माणसं नसतील तर यातले निम्मे डबे दोन पावसांत कुजतील.

तिसऱ्या पाऊचमध्ये अदलाबदलीच्या वस्तू. चाकू, फटाके, दारू, औषधं, खाऊ यांना डब्यात जागा नाही. भाच्याला पुण्याहून नेलेले पितळी घुंगरू फार आवडले. मी सावंतवाडीची लाकडी फळंही नेली होती, वहिनीने ती बाजूला काढली. “ताई, हे सुंदर आहे, पण इथल्या ओलीत रंग सुटेल. हे घरात राहू दे, घुंगरू डब्यात जाऊ देत.” याच पाऊचमध्ये प्रवासी बिल्ले असतात, धातूची छोटी पट्टी आणि तिच्यावर कोरलेला क्रमांक. एका डब्यातून उचलायचा, दुसऱ्यात ठेवायचा, क्रमांकावरून त्याचा प्रवास नोंदवायचा. हे बिल्ले कुणाचे तरी असतात, आपल्या मालकीचे होत नाहीत, म्हणून ते घुंगरांत न मिसळता वेगळ्या झिपलॉकमध्ये राहतात.

यापलीकडे जे उरतं ते डोंगरात जाणाऱ्या कुणालाही लागेल. सिअ‍ॅटलला १९०६ मध्ये स्थापन झालेली ‘द माउंटेनिअर्स’ ही जुनी गिर्यारोहण संस्था आहे. तिने १९३० च्या दशकात दहा अत्यावश्यक गोष्टींची यादी केली, तिचं आजचं रूप तिकडच्या प्रत्येक पायवाटेवर प्रमाण मानलं जातं: दिशा शोधण्याची साधनं, दिवा, ऊन अडवण्याच्या गोष्टी, प्रथमोपचार, चाकू, आग पेटवण्याचं साधन, निवारा, जास्तीचं खाणं, जास्तीचं पाणी, जास्तीचे कपडे. डबा शोधणाऱ्यांसाठी ही यादी जरा जास्तच खरी आहे, कारण ते वाट सोडतात. नजर पडद्यावर असते, पाय नेच्यांत. आणि ‘अजून एकच’ म्हणता म्हणता अंधार पडतो.

अंधाराची तयारी कशी करायची ते मला स्नोक्वाल्मीच्या बोगद्यात कळलं. मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीने १९१२ ते १९१४ मध्ये कॅस्केड पर्वतरांगेत खोदलेला हा बोगदा सव्वादोन मैलांहून थोडा जास्त, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून जरा जास्त लांब आहे. आता रूळ नाहीत, पायी आणि सायकलने जाता येतं. आत दिवे नाहीत. हिवाळ्यात छतावरून बर्फाचे सुळे कोसळतात, म्हणून १ नोव्हेंबरपासून १ मेपर्यंत तो बंद असतो. बोगद्याच्या पश्चिम तोंडाबाहेर या खेळातला एक नामांकित डबा आहे. २००१ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या निमित्ताने जगात काही मोजके डबे ठेवले गेले, त्यांतला हा एक. २०११ मध्ये तो नाहीसा झाला आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू झाला. पहिल्या बादलीच्या जागी बसवलेला फलक, मुख्यालयातला डबा आणि हा बोगद्यापलीकडचा, अशा तिघांच्या दर्शनाला माणसं जगभरातून येतात.

बोगद्याच्या पूर्व टोकाशी, हायॅकच्या वाहनतळावर, भर उन्हाळ्यातलं ऊन होतं. माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होती, आणि वहिनी आम्हाला लोकरीची टोपी आणि वाऱ्याचं जाकीट घालायला लावत होती. बोगद्याच्या तोंडाशी आलो तेव्हा आतून येणारी हवा शीतगृहाचं दार उघडावं तशी अंगावर आली. शे-दोनशे पावलांत मागचा उजेड लहान झाला. छतातून पाणी ठिबकत होतं. पलीकडचं तोंड टाचणीच्या डोक्याएवढं दिसत होतं आणि कितीही चाललं तरी वाढत नव्हतं. प्रत्येकाच्या कपाळावर हेडलॅम्प, गळ्यात एक छोटा टॉर्च. माणशी दोन दिवे हा वहिनीचा नियम. समोरून सायकली आल्या की दिवा खाली वळवायचा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

मध्यावर भाच्याचा दिवा मंद होत होत विझला. वहिनीने स्वतःचा दिवा त्याच्याकडे वळवलाही नाही. “उजवा खिसा. डबीत वरच्या बाजूला टोकं असलेले दोन घे.” त्याने अंधारातच कमरेचा उजवा खिसा उघडला, प्लॅस्टिकची डबी काढली, बोटाने चाचपली. भरलेले सेल डबीत टोक वर करून ठेवायचे, वापरलेले टोक खाली करून. भरलेल्यांची बारीक गुंडी बोटाला लागते, वापरलेल्यांचा सपाट तळ लागतो. सेल नेहमी जोडीने, एकाच वेळी भरलेले. एक ताजा आणि एक उतरलेला घातला तर दोन्ही वाया. त्याने जुने काढले, नवे घातले, जुने उलटे करून डबीत ठेवले. दिवा लागला. अकरा वर्षांचं पोर, पण घाई नाही की भीती नाही. सामान लावणं म्हणजे काय ते मला तिथे दिसलं. वस्तू जवळ आहे एवढं पुरत नाही, ती डोळ्यांशिवाय सापडली पाहिजे.

पलीकडे बाहेर पडल्यावर डब्यापाशी एक वयस्क गृहस्थ भेटले, निवृत्त, एकटेच. त्यांच्याकडे पिशवीच नव्हती. मासे पकडणारे घालतात तसं भरपूर खिशांचं जॅकेट आणि हातात काठी. कुठल्या खिशात काय आहे ते त्यांनी मला क्रमाने दाखवलं. डाव्या बाजूला कागदाचं, उजव्या बाजूला धातूचं, पाठीच्या मोठ्या खिशात पाणी. आणि आतल्या खिशात कचऱ्याची पिशवी. डबा शोधताना वाटेतला कचरा उचलून आणायची प्रथा या खेळात २००२ पासून आहे. त्यांच्या पिशवीत बोगद्यात पडलेल्या दोन बाटल्या आणि चॉकलेटचे कागद होते. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी दांड्याचा चिमटा बाळगला होता, कचरा उचलायला तोच आणि झुडपातला डबा काढायलाही तोच. वहीत सही करताना त्यांनी आधी हात पुसले. ओल्या हाताने वहीची चार पानं खराब होतात, असं ते म्हणाले.

घरी परतल्यावरचा तास वहिनी फार महत्त्वाचा मानते. पिशवी तशीच खुंटीला अडकवायची नाही. सगळं सामान बाहेर, ओले पाऊच उलटे करून वाळत, वापरलेले सेल चार्जरवर, संपलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या, प्रथमोपचारातली वापरलेली पट्टी त्याच दिवशी भरून. पुढच्या फेरीच्या सकाळी भरायला घेतलं तर काहीतरी राहतंच.

हीच पिशवी सह्याद्रीत चालेल का, हे मी पुण्यातल्या एका ट्रेकर मित्राला विचारलं. तो आपल्याकडच्या डब्यांच्या मागे हिंडतो. महाराष्ट्रात डबे आहेत, फार दाट नाहीत. त्याने माझी यादी घेतली आणि अर्धी बदलली. लोकरीची टोपी गेली, पाणी तीन लिटर झालं. हातमोजे चामड्याचे, आणि हातात काठी. “आधी काठी, मग आरसा, मग हात,” तो म्हणाला. गडगे आणि दगडांच्या फटी ही आपल्याकडे घोणस-फुरशांची घरं. फट कितीही सोयीची असली तरी काठी वाजवून, उजेड टाकून, थांबून मगच हात. पावसाळ्यात अडचण ढगांची नसते, ते संकेत फारसे अडवत नाहीत. अडचण ओल्या झाडोऱ्याची आणि बुरशीची. चार महिने बंद राहिलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात वही काळी पडते, म्हणून त्याच्या लाल पाऊचमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जास्त असतात. माकडांना झाकण उघडता येतं हे धरून तो चारी बाजूंनी खटके असलेला डबा पसंत करतो.

आणखी दोन गोष्टी त्याने निक्षून सांगितल्या. आपले बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. तिथल्या बुरुजात, तटाच्या फटीत डबा कोंबायचा नाही, दगड हलवायचा नाही, खणायचं तर मुळीच नाही. खेळाचे नियमही जागेच्या मालकाची परवानगी मागतात. अशा ठिकाणी डब्याशिवायचा प्रकार शोभतो, ज्यात जागेवर जाऊन खडक पाहायचा, मोजायचा आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यासाठी टेप, भिंग आणि वही एवढंच लागतं, आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात वाचण्यासारखं पुष्कळ आहे. दुसरी गोष्ट गर्दीच्या जागांची. स्टेशन, पूल, देवळाचा परिसर इथे कुणी वाकून काहीतरी चाचपतंय हे बघून लोकांना शंका येणं योग्यच आहे. त्याच्याकडे मराठीत खेळाची माहिती छापलेलं एक कार्ड आणि ओळखपत्र वरच्याच खिशात असतं. पोलिसांनी किंवा गावकऱ्यांनी विचारलं तर लपवाछपवी न करता तो डबा उघडून दाखवतो. लष्करी गोळ्यांचे लोखंडी डबे तिकडे सर्रास वापरतात, ते इकडे कुणी ठेवू नयेत.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांसाठी एक सूचना. रानात मदत मागण्यासाठी तिकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं उपकरण पिशवीला अडकवलेलं असतं. भारतात ते परवानगीशिवाय आणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात विमानतळावर परदेशी प्रवाशांवर त्यावरून कारवाई झाली आहे. नुसते संकेत घेणारं जीपीएस यंत्र वेगळं आणि संदेश पाठवणारं वेगळं. ते दुसरं उपकरण घरीच ठेवावं, आणि इथे आल्यावर कुठल्या वाटेने जातोय, किती वाजेपर्यंत परत येणार, हे पायथ्याच्या गावात कुणाला तरी सांगून निघावं.

ज्याला नव्याने सुरू करायचं आहे त्याने बाजारात एक फेरी मारली की निम्मं काम होतं. पुण्यात तपकीर गल्लीत हेडलॅम्प, छोटे टॉर्च आणि सेलच्या डब्या मिळतात. बोथट चिमटा आणि लांब दांड्याचा आरसा शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानात, चुंबकाची काडी गॅरेजला हत्यारं विकणाऱ्याकडे, ओ-रिंग नळाच्या सामानाच्या दुकानात. पाऊच जुन्या जीनच्या कापडाचा घरी शिवता येतो, आत इलॅस्टिकच्या जागा करून. न भिजणारा कागद मिळाला नाही तर पट्टी पेन्सिलीने आखून दोन झिपलॉकमध्ये घालावी. फोन खिशात आहेच. जीपीएस यंत्राचे पैसे सध्या बाजूला ठेवावेत. एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा या सामानावर काढावा, मग कुठल्या रानात फोन अपुरा पडला ते आठवून यंत्र निवडावं.